गढीतली भांडी लग्नाला गेली

परत येऊन आठ दिवस झाले. अंगणात सुपारी वाळत घालताना शेजारच्या वैनी रोज कुंपणावरून विचारतात, "वाशीमकडे बघण्यासारखं आहे तरी काय हो?" त्यांना समुद्र नसलेलं काही बघण्यासारखं वाटतच नाही. दोन वाक्यांत सांगायला गेले की माझाच गोंधळ होतो, म्हणून आता लिहूनच काढते. वैनींना वाचायला देईन, म्हणजे सुपारी तरी सुखाने वाळेल.

माझा जन्म पोस्टाच्या काउंटरमागे गेला. "पुढचे!" म्हणून माणसं तोडून टाकायची जी सवय लागली, ती निवृत्त झाले तरी सुटलेली नाही. मंगला मात्र तुटली नाही. आठ वर्षांपूर्वी एका सहलीत आम्हा दोघींना एकच खोली मिळाली. पहिल्या दिवशी तिच्या घोरण्यावरून भांडण आणि शेवटच्या दिवशी गळ्यात पडून रडणं, असा आमचा प्रवास झाला. तेव्हापासून दर फोनच्या शेवटी तिचं एकच पालुपद: "नलू, तू येच एकदा. तुले गढी दाखवाची हाये."

गढी म्हणजे किल्ला नव्हे आणि नुसता वाडाही नव्हे. चार कोपऱ्यांना बुरूज, भोवती जाड मातीची भिंत, आणि मध्ये आपलं साधं नांदतं घर. असं मंगलाने फोनवर सांगितलं होतं. माझा विश्वास बसला नव्हता. आमच्याकडे मातीची भिंत एका पावसात जमिनीला टेकते.

जऊळका

मंगलाचं सासर जऊळक्याला, स्टेशनापासून जवळच. तिच्या घरची भाजीची शेती. मी पोचले तेव्हा घरातली सगळी माणसं ओसरीवर बसून मेथीच्या जुड्या बांधत होती. मला पाणी दिलं, चहा दिला आणि लगेच पुढ्यात मेथीचा ढीगही सरकवला. पाहुणी म्हणून कोपऱ्यात बसवून ठेवणं त्यांना जमतच नाही. मी बांधलेली जुडी मंगलाचे यजमान वसंतराव यांनी हातात घेतली, चोहीकडून पाहिली आणि गंभीरपणे म्हणाले, "वहिनी, हे जुडी आमी घरीच खातो. बजारात नेली तं लोकं मले हसतीन."

जेवायला वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. आमच्याकडे मिरची नारळाच्या आडून जिभेला भेटते. इथे ती सरळ समोरून येते. मी चटणी समजून चमचाभर ठेचा घेतला आणि मग पुढची पाच मिनिटं घरातल्या बाईमाणसांनी मला ताक पाजलं, गूळ चारला, पाठीवरून हात फिरवला. "तेल टाकून घ्या लागते व माय," मंगलाच्या जाऊबाई म्हणाल्या आणि माझ्या ताटात वाटीभर तेल ओतलं. तेल घालून खाल्ला तर काय बहार! मी तीन भाकरी खाल्ल्या. घरी मला एक जड जाते.

आणखी एक फरक सांगते. आपल्याकडे पाहुण्याला विचारतात, "चहा घेणार ना?" आणि पाहुणा "कशाला उगाच" म्हणतो. इथे विचारण्याची भानगडच नाही. "च्या ठेवला" एवढंच कानावर येतं. दिवसाला नऊ कप झाल्यावर मी मोजणं सोडून दिलं.

सावळबोरी

गढी सावळबोरीला, मानोऱ्याच्या बाजूला. इंझोरी लागायच्या आधी एक फाटा फुटतो, तिथून आत. वसंतरावांना कोबी घेऊन मानोऱ्याच्या बाजाराला जायचंच होतं, म्हणून दोन-तीन दिवस गढीवर राहायच्या बेताने आम्ही दोघी त्यांच्या छोट्या हत्तीत, म्हणजे मालाच्या छोट्या टेम्पोत, पुढे बसलो. फेब्रुवारीचे दिवस. तूर निघून गेलेली शेतं मोकळी होती, गहू पिवळा पडत चालला होता, आणि बांधाबांधावर पळस असा फुलला होता की मी दर वळणावर "बाई बाई!" करत होते. वसंतराव शेवटी म्हणाले, "वहिनी, अजून लय पळस हायेत. दम धरा."

गावाच्या कडेला जराशा उंचवट्यावर ती गढी दिसली आणि मी गप्प झाले. खाली काळा दगड, वर पांढऱ्या मातीची भिंत, बुरूज पोटाशी फुगीर आणि वर निमुळते. ठिकठिकाणी नव्याने लिंपल्याच्या खुणा. मोठ्या दरवाजात एक छोटी दिंडी, तिच्यातून वाकून आत जायचं. मी वाकले, पण बाहेर यायची घाई झाल्यासारखी अर्ध्यातच ताठ झाले. टाळक्यावर असा आवाज झाला की आतून एक बाई धावत आल्या. "लागलं काय? सगळ्यायलेच लागते. शत्रूसाठी केलं होतं, आता पाहुन्यायले लागून राह्यलं," असं म्हणत त्यांनी हसतहसत माझं डोकं चोळलं. ही कुंदा, मंगलाची मावसबहीण आणि या गढीची सून. वय पंचेचाळीसच्या आसपास, पदर खोचलेला, बोलणं तोंडावर.

आता माझ्या फजितीचं ऐका. कोकणातलं माणूस रिकाम्या हाताने जात नाही. घरच्या माडाचे पाच नारळ मी पिशवीतून वाहून नेले होते. कुंदाने हळदकुंकवाची कुयरी पुढे केली. मी एका नारळाला कुंकू लावलं आणि नमस्कार करून तो उंबऱ्यावर ठेवला. ढेलजेत, म्हणजे दरवाजाच्या आतल्या पडवीत, तक्क्याला टेकून बसलेले एक उंच म्हातारे गृहस्थ सावरून बसले आणि त्यांनी मला विचारलं, "कवाचं लगन हाये? किती पान उठन?"

मी मंगलाकडे पाहिलं. मंगला तोंडाला पदर लावून हसत होती.

मग उलगडा झाला. या गावात कुणाचं लग्न निघालं की घरचा माणूस कुंकू लावलेला नारळ गढीच्या उंबऱ्यावर ठेवतो. नारळ ठेवला म्हणजे गढीतली भांडी मागितली. हंडे, पराती, पाट, सतरंज्या, लागेल ते न्यायचं. मागणारा गरीब की श्रीमंत, कोणत्या जातीचा, शेजारच्या तांड्यावरचा का असेना, नाही म्हणायचं नाही. हल्ली मांडव-भांडी भाड्याने देणारे बिछायत केंद्रवाले सगळं गाडीतून आणून देतात, त्यामुळे नारळ वर्षाकाठी एखादाच येतो. पण रीत मोडलेली नाही. "अन् तुमी तं पाच आनले," ते गृहस्थ म्हणाले. "पाच लगनं एकदम!" हे कुंदाचे सासरे. गाव त्यांना आबासाहेब म्हणतं.

मग कुंदाने मला खोल्या दाखवल्या. ज्यासाठी एवढा खटाटोप केला त्या या चार खोल्या. तीन वर्षं तिने त्यांच्यामागे घालवली होती. पोटमाळ्यावर, बळदात, म्हणजे भिंतीतल्या धान्याच्या पोकळीत, जे जे कोंबलेलं होतं ते तिने काढलं, चिंचेने घासलं, आणि गढी भरात असताना जसं घर असेल तसं मांडलं. कचेरीत बैठक, उतरतं मेज, दौत. माजघरात झोपाळा आणि भिंतीला खुंट्यांची रांग. बाळंतिणीच्या खोलीत बाज, बाजेखाली शेगडी, कोनाड्यात तेलाची बुधली. खिडकी इतकी लहान की वाराही विचारून आत येईल. आणि सैपाकघर! तिथे मी दारातच थांबले. उतरंडीला लावलेले तांब्यापितळेचे हंडे, माणूस बसेल एवढं घंगाळ, भिंतीला टेकवलेल्या पराती, वरच्या झरोक्यातून ऊन थेट त्यांच्यावर. प्रत्येक वस्तूजवळ कुंदाच्या टपोऱ्या अक्षरातली एक चिठ्ठी. "हंडा. यात तीनशे पानांचं वरण शिजते." मला फार म्हणजे फार आनंद झाला. मी मोठी राजवाड्यांची संग्रहालयं पाहिली आहेत, पण तिथे दोरी बांधलेली असते. इथे कुंदा म्हणाली, "हात लावा न ताई. भांडंच हाये."

आबासाहेब मात्र आमच्याबरोबर आले नाहीत. तीन वर्षांत ते या खोल्यांत एकदाही आले नव्हते, कुंदा हळू आवाजात म्हणाली. मग तिने पुढचंही सांगितलं. एका व्यापाऱ्याला सोयाबीन साठवायला गढी भाड्याने हवी होती. जाड भिंती, कोरडी जागा, त्याला आणखी काय पाहिजे? आबासाहेबांनी त्याला नाही म्हटलं नव्हतं. कुंदाने खूप विनवल्यावर ते एवढंच म्हणाले होते, की जिल्ह्याच्या ठिकाणाहून पर्यटनाचं काम पाहणाऱ्या मॅडम येऊन जाऊ देत, त्यांना काही वाटलं तर पाहू, नाहीतर पुढच्या हंगामाला पोती. त्या मॅडम दुसऱ्याच दिवशी दुपारी येणार होत्या.

"मी तं हे खोल्या स्वप्नातई पुसतो," कुंदा म्हणाली आणि एका परातीवरचा नसलेला डाग पदराने पुसू लागली.

ऊन उतरायच्या सुमाराला आम्ही अंगणात चहा घेत होतो. कितवा ते विचारू नका. दिंडीतून एक मनुष्य वाकून आत आला. हा गजानन, गावातला लहान शेतकरी. त्याच्या मुलीचं लग्न दुसऱ्या दिवशी दुपारी होतं. हातात नारळ. तो उंबऱ्याजवळ आला, पण नारळ ठेवेना, नुसता उभा राहिला.

"काय झालं गजाननभाऊ?" कुंदाने विचारलं.

"बिछायतवाल्याची गाडी दुसऱ्याच लग्नाले गेली. त्यानं दोघायचा एकच दिवस घेतला. आता फोन उचलून नाही राह्यला." तो जमिनीकडे पाहत बोलत होता. "मले माहीत हाये वहिनी, उद्या तुमचे मॅडम येऊन राह्यले. मी शेजारच्या गावात पाह्यलं. कुठंच जमलं नाही."

आणि त्याने नारळ ठेवला.

मला खरंच संताप आला. बत्तीस वर्षं रांगा लावून घेतलेल्या बाईला मध्ये घुसणारा माणूस सहन होत नाही. मी म्हणाले, "अहो, पण उद्याचाच दिवस? तीन वर्षं घासलंय तिने हे!" मंगलाने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की त्याचा डाग अजून आहे. आबासाहेब ढेलजेतून बघत होते. कुंदाने एकदा सैपाकघराकडे पाहिलं. मग वाकली, नारळ उचलला, तो कपाळाला लावला आणि म्हणाली, "किती पान हाये?"

"अडीचशे."

"मंग वरन-कढीले दोन मोठे हंडे लागतीन, बाकीचे पान्याले. चला, दिवस असतानाच नेऊ."

आणि गढी रिकामी होऊ लागली. गजाननकडची माणसं आली, शेजारचे आले, आम्हीही लागलो. मी एक परात डोक्यावर घेतली. ती एवढी मोठी की मला पुढचा रस्ताच दिसेना, आणि मी वाजतगाजत गावच्या हापशाला जाऊन धडकले. पाणी भरणाऱ्या बायका हसून हसून खाली बसल्या. "हे नवरीकडची की नवरदेवाकडची?" एकीने विचारलं. "कोकनाकडची," मंगला म्हणाली.

लग्नाचा दिवस

मॅडम वेळेवर आल्या. तिशीतल्या, साध्या, हातात फाईल. दिंडीत त्यांचंही डोकं आपटलं आणि कुंदाने त्यांचंही चोळलं. मग ती त्यांना आत घेऊन गेली. मी मागोमाग होतेच.

माजघरात झोपाळा होता, पण सतरंज्या नव्हत्या. सैपाकघरात तर काहीच नव्हतं. फक्त भिंतीला चिठ्ठ्या आणि जमिनीवर गोल गोल खुणा. मॅडमनी एक चिठ्ठी वाचली, खाली रिकामी जमीन पाहिली आणि फाईल उघडून विचारलं, "या वस्तू कुठे आहेत?"

मला वाटलं, आता कुंदा रडणार. पण ती ताठ उभी राहिली आणि तिने बोट दाखवत सांगायला सुरुवात केली. "हा हंडा आज वरनात हाये. तो दुसरा कढीत. परातीत कनीक मळली असन एव्हाना. चौरंगावर नवरी बसली. अन् घंगाळात नवरदेवाचं पानी तापलं." सगळी रीत तिने सांगितली, नारळापासून. एका दमात सांगितली आणि मग म्हणाली, "पाह्याचं असन तं चला. लगन दोनशे पावलांवर हाये. नाही तं लिहून द्या काही नाही म्हनून."

मॅडमनी फाईल मिटली. "जेवणाच्या आत पोचू ना?"

मांडवात काय थाट होता! गढीचे दोन हंडे चुलाणावर चढलेले, धुराने काळे झालेले. कुंदाची तीन वर्षांची चिंच गेली सगळी पाण्यात. पण ते इतके ऐटीत होते की वाढपी "हंड्यातलं गरम आनून दे" असं ओरडले की मला उगीचच अभिमान वाटायचा. मॅडम पंगतीत बसल्या. वरण, पोळी, वांग्याची भाजी, कढी, बुंदी. गजानन स्वतः आग्रहाला आला. त्याला मॅडम कोण हे कळलं तेव्हा त्याने झाऱ्यावर झारा ओतला आणि मॅडमच्या ताटात बुंदीचा डोंगर झाला. आपल्याकडे "पुरे" म्हटलं की वाढपी पुढे जातो, इथे "पुरे" ही फक्त सुरुवात असते. मॅडमनी तो डोंगर संपवला, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

हात धुऊन त्या आबासाहेबांकडे गेल्या. म्हणाल्या, मी अशी जागा दुसरी पाहिलेली नाही, आणि मी चांगलंच लिहिणार आहे. पण मालकाची लेखी संमती लागते, की या खोल्या दुसऱ्या कशासाठी वापरणार नाही. त्यांनी कागद पुढे केला. आबासाहेबांनी तो घेतला, घडी केली आणि खिशात ठेवला. "पाहू," ते म्हणाले.

कुंदाचा चेहरा पडला. तो "पाहू" तिच्या ओळखीचा होता. संध्याकाळी ती चुलीपाशी जाऊन बसली, आणि मी, जिला प्रत्येक गोष्टीवर मत असतं, तिच्याजवळ नुसती लसूण सोलत बसले. फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी

भांडी परत येतात तीही रीतीने. घासूनपुसून, आणि रिकामी कधीच नाहीत. एका हंड्यात गहू होते, दुसऱ्यात बुंदी, परातीत गुळाची ढेप, घंगाळात चक्क दोन दुधी भोपळे. नवरी सासरी गेली होती. गजाननचे डोळे सुजलेले होते, पण चेहरा हसरा. माणसं भांडी घेऊन सैपाकघरात शिरली, आणि कुंदा थकल्या आवाजात जागा सांगू लागली. "हंडा तिकडे, खिडकीजोळ."

"खिडकीजोळ नाही."

आम्ही सगळे वळलो. दारात आबासाहेब उभे होते. चपला बाहेर काढून, उंबरा ओलांडून ते आत आले.

"हंडा डाव्या अंगाले होता. माय डावखुरी होती माही. खिडकीजोळ घंगाळ राहे. पराती खाली नाही ठेवत, खुंटीले लटकते. तो कोनाडा मिठाचा होय, दिव्याचा नाही." ते भिंतीला हात लावत लावत फिरत होते, भराभरा बोलत होते. "सारं उलटं मांडलं होतं तुनं. तीन सालापासून उलटं हाये. दारातून दिसे, मले पाहवत नोतं."

कुंदा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. मग तिचा बांध फुटला. "मंग सांगतलं काहून नाही मामाजी?"

"तू इचारलं काहून नाही?"

"तुमी आत आले काहून नाही?"

आधी कोण हसलं ते मला सांगता येणार नाही. कुंदा हसता हसता रडत होती. मीही रडत होते, आणि मंगला मला म्हणाली, "तुले काय झालं व?"

मग दुपारपर्यंत आम्ही मांडत होतो. आबासाहेब पाटावर बसून सांगायचे, कुंदा मांडायची, आणि जुन्या चिठ्ठ्या फाडून मी नव्या लिहायचे. माझं अक्षर पोस्टातलं, शिक्क्यासारखं. "इथं माय ताक घुसळे," ते म्हणायचे. मी लिहायचे. एकदा मला म्हणाले, "हे नका लिहू, हे मी उगीच सांगतलं," आणि मी ते लिहिलं नाही. इथेही लिहीत नाही.

शेवटचा हंडा डाव्या अंगाला बसला तेव्हा त्यांनी खिशातला कागद काढला, गुडघ्यावर ठेवला आणि सही केली. मग फोन मागितला. व्यापाऱ्याचा नंबर कुंदानेच लावून दिला, तिचे हात ओले होते. आबासाहेब फोनवर मोठ्याने बोलतात, त्यामुळे अख्ख्या गढीने ऐकलं.

"पोत्यायचं दुसरीकडे पाह्य भाऊ," ते म्हणाले. पलीकडून काहीतरी विचारणा झाली असावी. "रिकामी? रिकामी कोन म्हने? आमचे भांडे लग्नाहून घरी आले!"